वजनकाट्यावरचे सोमवार

कारखान्याच्या कॉलनीत मला क्वार्टर मिळालं ते नर्सबाईंच्या शेजारचं. एकट्या बाईमाणसाला दुसरीकडे कुठे ठेवायचं हे कुणाला सुचत नव्हतं, म्हणून दोन एकट्या बायका एका भिंतीच्या दोन बाजूंना ठेवून ऑफिस मोकळं झालं. दोन खोल्या, मागे न्हाणी, दारात कडुनिंब आणि चहूकडे ऊस. वारा सुटला की उसाची सळसळ घरात यायची. पहिला आठवडाभर ती मला आवडली, नंतर मी रेडिओ मोठ्यानं लावायला लागले.

मी बोरीची. वडील शाळामास्तर. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा मी शाळेत होते आणि बी.एस्सी.साठी परभणीला आले तरी मोर्चे, बंद आणि पुढे ढकललेल्या परीक्षा चालूच होत्या. अशाच एका लांबलेल्या निकालाच्या काळात औरंगाबादला मामांकडे राहून मी कॉम्प्युटरचा क्लास लावला. घरी बसून स्थळांची वाट बघण्यापेक्षा बरं, एवढाच त्यात विचार होता. तिथे आम्हाला कोबोल शिकवलं. ते शिकून बाहेर पडेपर्यंत लोक डीबेस वापरायला लागले होते. पुढे आयुष्यभर माझं हेच होत राहिलं. एक भाषा जरा हातात बसावी आणि तोवर बाजार दुसरीकडे उठून गेलेला असावा.

गोदावरीच्या काठच्या एका सहकारी साखर कारखान्यानं कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला माणूस मिळेना, म्हणून मी मिळाले. मशीनला थंड खोली, जाड पडदे, दाराबाहेर चपला काढायच्या. पाहुणे आले की संचालक मंडळी त्यांना आधी ऊस टाकायची गव्हाण दाखवायची, मग साखरेची पोती आणि मग मला. मी कीबोर्डवर काहीबाही बडवायचे. पाहुणे मान डोलावून जायचे.

काम मात्र खरं होतं. ऊसतोडणीचा क्रम लावायचा. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा नंतर, यावर दरवर्षी भांडणं व्हायची. वशिल्याच्या माणसाचा ऊस डिसेंबरात, बिनवशिल्याचा उन्हाळ्यात वाळून चिपाड झाल्यावर. मशीनला काका-पुतण्या नसतो, म्हणून ते काम मशीनला द्यायचं ठरलं. लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख घालायची, जी आधीची तो ऊस आधी. पावसाळाभर एकटीनं त्या थंड खोलीत बसून मी सगळा प्रोग्राम लिहिला. कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. क्लासमध्ये शिकवलेली रीत अशी, की आधी सगळं कागदावर मांडायचं, मग सगळं लिहायचं आणि शेवटी पडदा दूर करून दाखवायचं.

हंगाम सुरू झाला आणि यादी फलकावर लागली. दुपारपर्यंत ऑफिसपुढे शेतकऱ्यांचा जमाव. यादीप्रमाणे एका गावातल्या निम्म्या शिवाराची तोड एकाच दिवशी निघाली होती. शेतकी साहेब, म्हणजे ऊस विभागाचे अधिकारी, बिचारे सगळ्यांच्या शिव्या खात दारात उभे होते. मी आत यादी धरून बसले होते. एकच तारीख, पानंच्या पानं. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मागच्या वर्षीचं शोधून काढलं, तारीख बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. ती नागपंचमी होती.

नागपंचमीला आमच्याकडे बायका भाजीसुद्धा चिरत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, जमिनीला लोखंड लावायचं नाही. आणि माझ्या मशीनच्या मते त्या दिवशी अख्ख्या तालुक्यानं ऊस लावला होता. झालं असं होतं, की नोंद घेणाऱ्यानं विचारायचं, "लागण कवाची?" आणि समोरच्यानं सांगायचं, "नागपंचमीच्या आगंमागं." आगंमागं कागदावर बसेना, म्हणून त्यानं नागपंचमी लिहिली. नागपंचमी मशीनमध्ये बसेना, म्हणून ऑफिसानं तिची तारीख लिहिली. मी बोरीत वाढलेली, वारुळाला लाह्या वाहिलेली, पण पडद्यावर तारीख दिसल्यावर मला ती नुसती तारीखच वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

शेतकी साहेब मला रागावले नाहीत. ते म्हणाले, "म्याडम, तुमी तिकडं काट्यावर जाऊन बसा जरा. सगळे तितं येतेत."

वजनकाटा म्हणजे फाटकाजवळची एक लहान खोली. बाहेर जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट. उसाची गाडी त्यावर उभी राहते, भरलेली मोजतात, ऊस टाकून आली की रिकामी मोजतात आणि चिठ्ठी देतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ऊसतोड टोळ्यांचे मुकादम, शेतकरी, सगळ्यांना तिथून जावंच लागतं. तिथे एक काटाबाबू होते, निवृत्तीला आलेले, राणीसावरगावचे. घरची मंडळी गावाकडे, हे इथे एका खोलीत. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि कामाला लागले. लोक येत होते, मला बघत होते, गप्प होत होते. तासाभरानं विसरले आणि बोलायला लागले.

त्या बोलण्यातून मला समजलं, की तारीख कुणालाच आठवत नाही, पण आपल्या आधी कुणाची लागण झाली आणि आपल्या नंतर कुणाची हे प्रत्येकाला पाठ असतं, कारण पाटाचं पाणी त्याच पाळीनं येतं. मी तेवढंच एक बदललं. तारखेच्या शेजारी "कुणाच्या नंतर" असा एक रकाना वाढवला आणि एका गावाची यादी काढून सोमवारी काट्यावर नेली. लोकांनी ती वाचली, दोन ठिकाणी भांडले, एका ठिकाणी हसले. मंगळवारी मी भांडणं दुरुस्त केली. पुढच्या सोमवारी दुसरं गाव.

पुढच्या हंगामात काट्यावरही एक मशीन बसलं आणि सोमवार कायमचा झाला. मी नवी फ्लॉपी घेऊन जायचे, मामा आठवड्याभराचं गाऱ्हाणं सांगायचे.

"ताई, हे तुमचं मशीन रिकाम्या गाडीचं वजन आधी मागायलंय. गाडी तर भरून येती."

"छापील चिठ्ठीवर तसंच आहे, मामा."

"चिठ्ठी छापणाऱ्यानं गाडी बगितली नसंल."

मी तिथेच बसून बदलायचे. पुढच्या सोमवारी टोळीचा नंबर, त्यानंतर एकाच गाडीचा नंबर चुकून दोनदा टाकला तर वाजणारी घंटा. आधी लहानसं काही करायचं, वापरणाऱ्यासमोर ठेवायचं, त्यानं नाक मुरडलं की बदलायचं. आज पुण्यात या रीतीला अजाईल म्हणतात. तिची सर्टिफिकिटं मिळतात आणि तरुण मुलं रोज सकाळी गोल उभी राहून काल काय केलं ते एकमेकांना सांगतात. मला त्या रिंगणाचा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणानं. त्या मुलांना सांगायला कुणीतरी असतं.

मला नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यात माझ्यासारखं काम करणारं दुसरं कुणी असलंच तर मला माहीत नव्हतं. पुण्याहून टपालानं एक मासिक यायचं, महिनाभर शिळं, आणि त्यातून मला कळायचं की मी कालपर्यंत जे शिकले ते आता मागे पडलं. डीबेस गेलं, फॉक्सबेस आलं, मग फॉक्सप्रो. पुस्तकातलं एखादं वाक्य अडलं तर अडूनच राहायचं. बोरीला गेले की आई म्हणायची, "पोरी, तू नेमकं काय करतीस ते एकदा नीट सांग, पाहुण्यांना सांगता येत न्हाई." मी सांगायचे. ती ऐकायची आणि पाहुण्यांना सांगायची, टायपिंग करते. स्थळं येऊन जायची. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं होतं, मशीन कारखान्याचं का मुलीचं?

एकदा हंगामाच्या मध्यावर वीज गेली आणि मशीनमधली वजनं एकाची दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागली. दोन दिवस मी त्यात अडकून पडले. कारण सापडलं ते इतकं सुंदर होतं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं उलगडत गेलेलं, की मला कुणाच्या तरी खांद्याला धरून हलवावंसं वाटलं. संध्याकाळी नर्सबाईंच्या दारात उभी राहून मी ते सगळं सांगितलं. हातवारे करून सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग आता जेवा," त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबरच होतं. मी जेवले. पण घरी येऊन अंथरुणावर पडले तेव्हा रडले. आपल्याला झालेला आनंद कुणाला कळतच नसेल तर तो खरंच झाला का, असं वाटायला लागलं होतं.

नर्सबाईंना एकटेपण मी शिकवायची गरज नव्हती. त्यांची वस्ती जाळली गेली होती, मराठवाडा पेटला त्या वर्षी, आणि त्यानंतर त्या गावाकडे गेल्या नव्हत्या. कॉलनीला त्यांच्या हातचं इंजेक्शन चालायचं, चहा चालायचा नाही. मला चालायचा, म्हणून शेजारच्या दोघीतिघींचं माझ्याकडे येणं कमी झालं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मग त्यांना नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. त्यांनी जाताना मला त्यांचा पाटा-वरवंटा दिला आणि म्हणाल्या, "तुमीबी फार दिवस राहू नका इथं." भिंतीपलीकडून येणारा भांड्यांचा आवाज बंद झाला. उसाची सळसळ तेवढी उरली.

तेव्हापासून माझ्या आठवड्यात सोमवार एवढा एकच दिवस राहिला. बाकीचे दिवस मी सोमवारसाठी काढायचे. मामा हातानं रांधून आणायचे तो डबा दोघांचा यायला लागला होता, ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, कधी आंबाडीची भाजी. ते राणीसावरगावच्या बैलांच्या, शेळ्यांच्या आणि भावकीच्या गोष्टी सांगायचे, मी मशीनच्या. दोघांनाही एकमेकांचं निम्मं कळायचं आणि त्यानं काही अडायचं नाही.

आणि मग, तिसऱ्या का चौथ्या हंगामात, एका सोमवारी मामांकडे गाऱ्हाणंच नव्हतं. मी विचारलं, चिठ्ठी बरोबर येते? येती. घंटा? वाजती. हिशोब जुळतो? "जुळतोय की." त्यांनी पान जुळवत जुळवत समाधानानं सांगितलं, "लय बेस झालं बगा, ताई. काईच तरास न्हाई आता. तुमी न्हाई आल्या तरी चालतंय."

गरज सरो, वैद्य मरो. मामांच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ते माझं कौतुक करत होते, आणि आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नसतं. पण मी फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि पायी परत निघाले. एवढी वर्षं मी मन लावून एकच केलं होतं. ज्या कारणानं मला माणसांत बसायला मिळत होतं, ते कारण थोडं थोडं करून संपवलं होतं.

पुढच्या सोमवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी बोलावलं नाही. खोलीत बसून मी मासिकं वाचली. मनात एक घाणेरडा विचार येऊन गेला, की प्रोग्राममधलं एखादं लहानसं कलम सैल करून ठेवावं, महिन्यातून एकदा अडेल असं. बोटं कीबोर्डवर होती. केलं नाही. गाड्यांची रांग थांबली की थंडीत बैल उभे राहतात, ते मी बघितलेलं होतं.

मग निरोप आला, मामांनी बोलावलंय, मशीनचं काम आहे. मी अर्धं जेवण टाकून गेले.

"ताई, चिठ्ठीवर कारखान्याचं नाव मदोमद येतंय. ते जरा डावीकडं घ्या."

मी घेतलं. पुढच्या सोमवारी पुन्हा निरोप. नाव मधोमधच बरं दिसत होतं म्हणे. त्याच्या पुढच्या सोमवारी मामांना तारखेच्या खाली एक रेघ हवी होती आणि नंतरच्या सोमवारी ती नको होती. मी रेघ काढली. मान वर करून बघितलं तर मामा खिडकीतून बाहेर एका रिकाम्या गाडीकडे फार बारकाईनं बघत होते. डबा नेहमीसारखा दोघांचा होता. मला काय ते समजलं, आणि मला समजलं हे त्यांनाही समजलं असणार. आम्ही जेवलो. हंगाम संपेपर्यंत ती चिठ्ठी कितीदा बदलली याचा हिशोब नाही आणि प्रत्येक वेळी मी ती तितक्याच गंभीरपणे बदलली.

पट्टा पडला, म्हणजे त्या सालचं गाळप संपलं, आणि मामा निवृत्त झाले. हार, नारळ, फेटा झाला. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेटी ठेवून गावाकडे गेले. त्या पावसाळ्यात कॉलनी रिकामी होती आणि मला कुणाच्याही दाराशी जाऊन उभं राहायला निमित्त नव्हतं. वर्तमानपत्रात पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात बघून मी अर्ज केला.

मुलाखतीत विचारलं, ग्राहकाला काय हवं ते ठरवायची तुमची पद्धत कोणती? मी म्हणाले, मी काट्यावर जाऊन बसते. समोरचे तिघं हसले, वाईट हसले नाहीत, पण हसले. नोकरी दिली ती फॉक्सप्रो येतं म्हणून. पुण्यात मला हवं होतं ते मिळालं, माझ्या धंद्याची माणसं, खोलीभर. अडलेलं वाक्य शेजारच्या टेबलावर विचारता यायचं. फक्त तिथे प्रोग्राम लिहायच्या आधी उशीएवढं जाड बाड तयार व्हायचं, ग्राहकाकडून त्यावर सह्या व्हायच्या आणि मग ग्राहक काम संपेपर्यंत दिसायचा नाही. कोण वापरणार, कुठे बसून वापरणार, असं मी एकदा विचारलं. वरिष्ठ म्हणाले, ते पान बारावर आहे. मी खोलीभर माणसांत बसून कुणासाठी करतेय ते न कळता काम करायला लागले. त्या एकटेपणाला तर नावही देता येईना, कारण आजूबाजूला सगळे होते.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पुण्यात मी पेपरात वाचलं आणि नर्सबाई आठवल्या. नांदेडला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. त्यानंतर महिन्याभरानं एका नव्या नोकरीसाठी मला कारखान्याचा अनुभवाचा दाखला हवा झाला. नामविस्तारानंतर खोळंबलेल्या एसटी सुरळीत झाल्या होत्या. परभणीला उतरून कारखान्यावर गेले. ऑफिसातले बरेचसे चेहरे बदलले होते. शेतकी साहेब दुसऱ्या कारखान्यावर गेले होते. दाखला मिळाला. परतीची गाडी फाटकावरूनच सुटायची, तिला वेळ होता. हंगाम ऐन भरात होता. उसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेरपर्यंत आली होती, हवेत मळीचा वास होता, आणि माझे पाय काट्याकडे वळले.

खिडकीत एक तरणाबांड काटाबाबू बसला होता. मी म्हणाले, गाडीला वेळ आहे, जरा बसू का?

"बसा की म्याडम." त्यानं स्टूल पुढे सरकवलं. मी पडद्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. "काम्पुटर बगायलाव? हे बगा, गाडीचा नंबर टाकला की भरलेलं वजन मागतंय. मंग टोळी. आन् चुकून तीच गाडी पुन्यांदा आली तर वाजतंय." त्यानं मुद्दाम तोच नंबर परत टाकून मला घंटा ऐकवली. तो सुरेख दाखवत होता. कुठे अडखळला नाही, कुठे त्याला थांबून विचार करावा लागला नाही. मी मान डोलावत होते, पूर्वीच्या पाहुण्यांसारखी.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"केलं कुणी काय? मशीनसंगंच आलतं."

बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागला. त्यानं वजन घेतलं, चिठ्ठी काढली, खिडकीतून दिली. नाव मधोमध होतं.

"काही अडचण येते का यात? काही बदलून हवंय?"

तो जरा विचारात पडला. मला मदत करायची त्याची खरंच इच्छा असावी. "न्हाई," तो म्हणाला, "काईच न्हाई." आणि पुढच्या गाडीचा नंबर टाकला.

मला अभिमान वाटला, आणि खोटं कशाला सांगू, त्याच्या पाठोपाठ इतकं परकं वाटलं की तिथे बसवेना. बोलायला तोंड उघडलं असतं तर सांगता आलं असतं, हे मी केलं. त्यानं आदरानं उठून चहा मागवला असता. पण मग पुढे काय बोलायचं होतं आम्ही? फाटकाशी एसटीचा हॉर्न वाजला. मी पर्स उचलली.

"म्याडम," तो चिठ्ठी फाडता फाडता म्हणाला, "तुमी कुणाकडं आलत्या?"

"कुणाकडे नाही," मी म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.